सुभेदारांनी चाखलेली भिंत

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाचं जुनं घर विकलं गेलं. घेणाऱ्यांनी वास्तुशांतीला मांडव घातला, शूटिंगवाला आणला, सगळी गल्ली जेवायला होती. हात धुताना मी घरधनिणीला हळूच विचारलं, घ्यायच्या आधी घर कुणाला दाखवलं होतं का. ती म्हणाली, "दाखवलं की. भटजींना दाखवलं, वास्तुवाल्यांना दाखवलं, माझ्या आत्याबाईंनी तर दोनदा बघितलं." मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मी मान हलवली आणि घरी आले. पण घरी आल्यावर इतका संताप आला की चहासुद्धा ठेवला नाही. ज्या माणसानं या विटा गावात म्हातारपणाची सगळी वर्षं लोकांच्या भिंती तपासण्यात घालवली, त्याचं नाव त्या पंगतीत एकाच्याही तोंडातून निघालं नाही. म्हणून हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

ते आमचे घरमालक. फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत होते, सुभेदार होऊन सुटले. तोंडावर सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि पाठ वळली की ठोक्या म्हणायचं, कारण ते कुठल्याही घरात गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि मग रामराम करायचे. मला त्या नावाचा फार राग यायचा. डॉक्टर छातीवर बोट ठेवून ठोकतो तेव्हा त्याला कोण ठोक्या म्हणतं?

आमच्या यांचं कोईमतूरला गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं आटवून चोख करायचं काम. बावीस वर्षं धूर आणि तेजाब छातीत गेलं, मग डॉक्टरांनी सांगितलं की आता गावाकडची हवा घ्या. दुकान पुतण्याला दिलं आणि आम्ही विट्याला आलो. आपलं स्वतःचं घर होईपर्यंत म्हणून सुभेदारांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

त्या खोल्यांत पहिल्याच दिवशी मी त्यांची बोलणी खाल्ली. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक बारीक भेग होती आणि त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली होती. मला वाटलं मागच्या भाडेकरूची घाण असेल, म्हणून मी ती विळीनं खरवडून काढली. संध्याकाळी सुभेदार आले, भिंतीकडे बघितलं आणि घरात कुणी गेल्यासारखे मटकन खाली बसले. त्यांच्या घरातल्या प्रत्येक भेगेला नंबर होता. माझ्या भिंतीतली भेग सात नंबरची. काच बसवायची, तिच्यावर तारीख लिहायची. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, नाही फुटली तर म्हातारी भिंत आता स्वस्थ बसली आहे. सात नंबरची काच नऊ वर्षं फुटली नव्हती आणि मी तिला विळीनं काढली होती.

"नऊ वर्सं, पोरी," एवढंच ते म्हणाले. मग नवी काच आणून बसवली. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन सात नंबर बघून जायचे. मी भाकरी थापत असले तर तोंड भिंतीकडेच ठेवून आत यायचे आणि तसेच बाहेर जायचे. इतकी मर्यादा सांभाळणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यांचा उजवा हात थरथरायचा. म्हणून ते जी घरं बघायचे त्यांचं टिपण ते मला सांगायचे आणि मी लिहायचे. मी म्हटलं, आवं सुभेदार, मी चौथी शिकलेली. ते म्हणाले, "चौथीपातूर लिवायला शिकवत्यात. म्होरं नुसतं वाढवायला शिकवत्यात. मला वाढवून नगं." पलीकडच्या दुकानातून त्यांनी दोनशे पानी वही आणली. तीत मी गिलावा, ओल, वासा, पन्हळ असले शब्द लिहायला लागले. लग्नानंतर वीस-बावीस वर्षं माझ्या हातात दूधवाल्याच्या कार्डाशिवाय लिहायला काही आलं नव्हतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. डोक्याकडून पायाकडं यायचं. आधी छत, मग भिंती, मग जमीन, मग मोऱ्या, मग विजेच्या वायरी आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रं. लोक नेमके उलटे जातात, कागद आधी बघतात आणि छताकडं कुणी बघतच नाही, असं ते म्हणायचे. खांद्याला फौजेची हिरवी पिशवी. तिच्यात ओळंबा, बॅटरी, पोती शिवायचं दाभण, एक आरसा आणि काचेची एक गोटी. गोटी जमिनीवर ठेवायची आणि ती कुठं पळते ते बघायचं. दाभण तुळईच्या भिंतीत घुसलेल्या टोकाला टोचायचं, कारण लाकूड तिथंच आधी कुजतं. भिंतीवरचं प्रत्येक कॅलेंडर उचलायचं. देवाच्या तसबिरी तेवढ्या घरच्या बाईला उचलायला सांगायचे, स्वतः हात लावायचे नाहीत. कपाटं सरकवायला लावायचे. नवा रंग दिसला की त्यांचं तोंड उतरायचं. "नवा रंग बघितला की मला भ्या वाटतं," असं म्हणायचे.

घर बघून होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आपल्याकडं पाहुण्यानं चहा नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं. त्यामुळे निम्मी भांडणं तिथंच व्हायची. पण त्यांचं म्हणणं एकच. चहा पोटात गेला की जीभ जड होते, मग भेग दिसली तरी माणूस म्हणतो चालतंय.

बाप्यांना ते काहीच विचारायचे नाहीत. घरातल्या बाईला विचारायचे, पावसात पातेलं कुठं ठेवता. बाप्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचं घर गळत नाही. त्याचं बरोबरच असतं, कारण पातेलं त्यानं कधी ठेवलेलंच नसतं.

आणि ते भिंत चाखायचे. हेच सगळ्यांना माहीत आहे, याचीच सगळे नक्कल करतात. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली की बोट लावून जिभेला लावायचे. खारट लागली तर ओल आत मुरलेली आहे आणि क्षार बाहेर येत आहेत. खारट नसली तर नुसता चुना. आमच्या समोरच्या पानटपरीवर पोरं टोळक्यानं उभी राहून एकमेकांना विचारायची, सुभेदारांना आज मिसळीबरोबर कुठली भिंत वाढली. ते ऐकून पुढं जायचे. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मलकापूरला एका बँकेतल्या साहेबांनी जुना बंगला घ्यायचं ठरवलं. त्यांच्या बायकोचं माहेर विट्याचं, म्हणून सुभेदारांना नेलं, मला वही घेऊन नेलं. तिथं वास्तुवाले आधीच हजर होते. सिल्कचा झब्बा, हातात होकायंत्र. त्यांनी सांगितलं की मधल्या भिंतीत ईशान्येकडं दार पाडा, नाहीतर घरात पैसा टिकणार नाही. साहेबांनी लगेच गवंड्याला फोन लावला. ती भिंत वरच्या मजल्याचा सगळा भार घेऊन उभी होती. सुभेदारांनी दोनदा सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली, त्या भिंतीला पाठ लावून बसले आणि पिशवीतून पेपर काढून वाचायला लागले. गवंडी घण घेऊन आला तरी उठले नाहीत. साहेब म्हणाले, आजोबा, उठा. सुभेदार म्हणाले, "इंजिनिअरला बोलवा. त्यानं लिवून दिलं तर उठतो. तवर दार माझ्यातनं पाडा."

तीन तासांनी कऱ्हाडहून एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं वर जाऊन बघितलं, खाली येऊन बघितलं आणि सुभेदार म्हणत होते तेच बोलला. मग काय झालं? इंजिनिअरला पेढे दिले. वास्तुवाल्यांना शाल-नारळ दिला, कारण ते तर पाहुणेच. आणि सुभेदारांना साहेबांच्या बायकोनं सांगितलं, आजोबा, तुम्ही हट्टी आहात हं. आम्ही एसटीनं परत आलो. मी वाटेत म्हटलं, सुभेदार, तुम्हाला राग येत नाही? ते म्हणाले, भिंत उभी हाय न्हवं. मला हे उत्तर पटलं नाही, आजही पटत नाही.

त्यांचा मुलगा पुण्याला. त्यानं फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीची पत्रिका पाठवली तेव्हा सुभेदारांना कळलं. पोटच्या पोरानं बापाला भिंत दाखवली नाही. तिकडून आल्यावर मी विचारलं, कसा आहे फ्लॅट. "न्हाणीतलं पाणी उंबऱ्याकडं येतंय," म्हणाले आणि पिशवी खुंटीला अडकवली.

आता आमची गोष्ट सांगते. 

आमच्या यांची थोरली बहीण सांगलीला दिली आहे. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचे यजमान म्हणजे आमचे दाजी. दाजींचं घर सांगलीच्या जुन्या भागात, नदीच्या अंगाला. खालचा मजला जुना, वर नंतर स्लॅब टाकून चढवलेला. मोठ्या पुरात खालच्या मजल्यात चार दिवस पाणी होतं. दाजींना आता मुलाजवळ जायचं होतं, म्हणून घर विकायला काढलं. बाहेरच्याला देण्यापेक्षा मेहुण्याला देतो म्हणाले. हे इतके खूश झाले की त्या रात्री जेवले नाहीत. बावीस वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाची सगळी कमाई त्या एका घरात जाणार होती. दुसरं घर घ्यायची ताकद आमच्यात पुन्हा येणार नव्हती, ना पैशाची ना वयाची. विसार अक्षय्य तृतीयेला द्यायचा ठरला. विसार दिला की सौदा पक्का, मग मागं फिरायचं नसतं. दाजींच्या बाबतीत तर नाहीच नाही.

मी यांना म्हटलं, सुभेदारांना एकदा दाखवू या. हे म्हणाले, "दाजींचं घर तपासायचं? त्यापरीस त्यांच्या अंगणात जाऊन जोडा मारा मला." आमच्याकडं बहिणीचा नवरा म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यानं सांगितलं ऊन, तर छत्री घ्यायची नाही. शेवटी मी म्हटलं की सुभेदारांना सांगलीच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं आहे, ते नुसते बरोबर येतील. माझ्या जन्मात मी यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं.

दाजींनी घर चकाचक केलेलं होतं. बैठकीच्या खोलीला, मधल्या खोलीला, सगळीकडं गळ्याइतक्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या होत्या, न्हाणीघराला लावतात तशा. मला ते फार श्रीमंती वाटलं. सुभेदार मात्र दारातच थबकले. चहा आला, त्यांनी हात जोडले. पोहे आले, हात जोडले. दाजींचं तोंड बारीक झालं. मग सुभेदार उठले आणि टाइलवर ठोकायला लागले. एक टाइल टणटण वाजली, दुसरी बद्द वाजली, मधल्या खोलीत तर ओळीनं सगळ्या बद्द. टाइल्सच्या वर, रंगाला पांढरी भुकटी फुटली होती. चैत्राच्या उन्हात. सुभेदारांनी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. दाजींचा धाकटा भाऊ फिस्सकन हसला.

सुभेदारांनी तोंड फिरवलं आणि वन्संना विचारलं, "बाई, पूर उतरल्यावर ही भिंत कवा वाळली?"

वन्संनी दाजींकडं बघितलं. दाजी खिडकीकडं बघत होते. "वाळली की," वन्सं म्हणाल्या आणि कप गोळा करायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या कपात निम्मा चहा तसाच होता.

"एक टाइल काढून बघू द्या," सुभेदार म्हणाले. "परत मी सोता बसवून दीन."

दाजी उभे राहिले. ते सुभेदारांशी बोललेच नाहीत, यांच्याशी बोलले. "मेहुणं, घर घ्यायला आलायसा का झडती घ्यायला? आमी काय चोर हाय व्हय?"

आणि आमचे हे, माझ्या देखत, त्या सत्तर वर्षांच्या माणसाला म्हणाले, सुभेदार, तुम्ही बाहेर बसा. सुभेदारांनी पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले, उन्हात. आत आमचं जेवण झालं. पुरणपोळी होती. मी दोन पोळ्या खाल्ल्या, कारण वन्सं वाढत होत्या आणि मला नको म्हणता आलं नाही. बाहेर ताट न्यावं असं मला वाटलं. मी उठले नाही. बाकीच्यांवर रागावते, तर हेही लिहायला पाहिजे.

विट्याला परतलो. एसटीत हे पुढं बसले, सुभेदार मागं. घरी आल्यावर सुभेदारांनी तोंड धुतलं आणि मला हाक मारली. "वही आण. तारीख घाल." ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग येत होता.

ते टिपण माझ्यापाशी आहे. त्यात असं आहे: खालचा मजला विटांचा, पण सिमेंटात नाही, मातीत बांधलेला. वरचा मजला सिमेंटचा, म्हणजे जड. पुरात विटांमधली मातीची दर्ज भिजली. भिंत वाळायच्या आत तिला टाइल्स लावल्या, त्यामुळे ओल आत कोंडली आणि वर चढते आहे. मधली भिंत भार घेते, तीच सगळ्यात ओली वाटते. टाइल काढल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. इंजिनिअरकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत विसार देऊ नये. मधल्या खोलीत कुणी झोपू नये.

शेवटची ओळ लिहिताना मी थांबले. मधल्या खोलीत वन्सं झोपायच्या. मी सुभेदारांना म्हटलं, वन्सं खोटं बोलल्या. ते म्हणाले, "तिला बोलू दिलं न्हाई. तिचा कप बघितलास का? निम्माच पिली होती. बोलायचं हुतं तिला."

मी ते पान यांच्यापुढं ठेवलं. यांनी वाचलं नाही. चार दिवस वही तशीच शिंकाळ्याखालच्या फळीवर पडून राहिली. विसाराचा दिवस जवळ यायला लागला. यांनी बँकेतून पैसे काढले. माझ्या पाटल्या कपाटातून काढून रुमालात बांधल्या, त्याही त्यातच जाणार होत्या. ते रुमालाची गाठ मारत होते, मी पिठाच्या हातानं दारात उभी होते. काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडातून निघालं.

मला कोईमतूरची गोष्ट आठवली होती. कधीतरी अडचणीत दाजी आमच्या दुकानात वन्संच्या पाटल्या मोडायला घेऊन आले होते. सख्ख्या बहिणीच्या पाटल्या, आमच्या सासऱ्यांनीच केलेल्या. तरी यांनी त्या दाजींच्या समोर दगडावर घासल्या, कस लावला, मगच तराजूत टाकल्या. तेव्हा दाजी हसून म्हणाले होते, धंदा म्हणजे धंदा.

मी म्हटलं, "तुमी दाजींच्या हातातलं सोनं घासून बघितलं, तवा त्यांना राग आला न्हाई. मग भिंत घासायला कसली लाज? ह्या पाटल्या मी देते. पण कस लावल्याबिगर देत न्हाई."

हे माझ्याकडं बघतच राहिले. लग्न झाल्यापासून मी यांना एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. मग ते बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि फळीवरची वही घेतली.

अक्षय्य तृतीयेला आम्ही सांगलीला गेलो. दोघंच. सुभेदारांना या म्हणायचं धाडस यांना झालं नाही, आणि ते आपणहून येणारे नव्हते. दाजींनी पाट मांडले होते, विसार ठेवायला तबक होतं. यांनी तबकाला हात लावला नाही. दुकानातली छिन्नी खिशात घालून आणली होती, ती काढली. "दाजी, धंदा म्हणजे धंदा," म्हणाले आणि मधल्या खोलीत गेले. दाजी ओरडत मागं आले. पण छिन्नीचं टोक लावायचा अवकाश, टाइल हातात आली. तिच्यामागं गिलावा नव्हताच, चिखल होता. भर उन्हाळ्यात, कुंभाराच्या चाकावर असतो तसला. यांनी बोट घातलं, बोट मुळापर्यंत आत गेलं.

मग वन्सं पहिल्यांदा बोलल्या. आपल्या नवऱ्याकडं बघत, हळू आवाजात. "मी सांगत हुते," म्हणाल्या. "आधी वाळू द्या म्हनत हुते." दाजी पाटावर बसले. मला तेव्हा दाजींची कीव आली. ते लबाड नव्हते. पूर गेल्यावर ओलीकडं बघवत नव्हतं, म्हणून त्यांनी टाइल्स लावल्या, आणि मग स्वतःच त्या टाइल्सवर विश्वास ठेवला.

त्याच दिवशी वन्संची कॉट बाहेर आणली. विसार दिला नाही. सुभेदारांनी लिहिलं होतं तसा इंजिनिअर आणला, लोखंडी टेकू लागले, भिंत टप्प्याटप्प्यानं उतरवून सिमेंटात बांधली. दाजींनी घर विकायचं रद्द केलं, त्याच घरात राहतात. माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढं बोलतात. आमचं घर काही झालं नाही, आम्ही भाड्याच्याच खोल्यांत राहिलो. पण यांची कमाई बुडाली नाही आणि वन्सं सुखरूप आहेत. इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला वही काढली असती.

झालं असं की सांगलीत दाजी सगळ्यांना सांगायला लागले, आमच्या मेहुण्यानं नुसत्या नजरेनं भिंत ओळखली. ते विट्यापर्यंत आलं. मग पाहुणेरावळे यांना घर बघायला बोलवायला लागले. हे जायला लागले. पायात बूट घालून, खिशात छिन्नी घेऊन. आणि जाऊन आधी चहा प्यायचे. दोन-दोन कप. मग टाइलवर टकटक करायचे आणि मान हलवायचे. पानटपरीवरची जी पोरं सुभेदारांना हसायची, तीच यांना काका, या म्हणून स्टूल द्यायची. त्याला नजर असावी लागते, बावीस वर्षं सोनं ओळखलंय, असं हे म्हणायचे. सुभेदारांचं नाव नाही. एकदासुद्धा नाही. त्या पायरीवर उन्हात बसवलेल्या माणसाला यांनी चुकलं म्हणून सांगितलं नाही, बरोबर होतात म्हणूनही सांगितलं नाही. मी सुभेदारांना विचारलं, तुम्ही का गप्प बसता. "घर घेतलं न्हाई न्हवं? मग काम झालं," म्हणाले. मला वाटलं एखादी वीट घेऊन स्वतःच्याच डोक्यात घालावी.

सुभेदारांना मुलगा पुण्याला घेऊन गेला, त्याच्या पंधरा दिवस आधीची ही गोष्ट. संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर सात-आठ बापे बसले होते. कडेला सुभेदारही बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. हे सांगलीची भिंत सांगत होते. आत गेलो, बघितलं, म्हटलं दाजी, ही भिंत ओली हाय. मी आत भांडी घासत होते. हात तसेच धुतले, वही घेतली आणि बाहेर आले. बाप्यांच्या बैठकीत मी कधी उंबरा ओलांडला नव्हता. मी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. मधली भिंत भार घेते, तीच सगळ्यात ओली वाटते. मग वर लिहिलेली तारीख वाचली. म्हटलं, "हे सुभेदारांनी सांगितलं, मी लिवलं. तुमी टाइल काढायच्या सहा दिस आधी."

यांनी मान खाली घातली. कुणी तरी खोकलं. पानटपरीवाला हातातला कात तसाच धरून उभा राहिला. मला वाटलं आता तरी सुभेदार काहीतरी बोलतील, माझ्याकडं बघून का होईना.

ते काठीवरून मान न उचलता म्हणाले, "सहा न्हाई, सात. मधे महिन्याची अखेर हुती, ती धरली न्हाईस."

मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, बोटांवर मोजले. सातच होते.